फाट्यावर थरथर, चढावर गप्प

संध्याकाळी सातच्या सुमारास सिंहगड रस्ता सोडून धायरी फाट्यावरून गावाकडे वळावं. रांग मुंगीच्या पावलानं सरकत असते, गिअर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन नुसतं फिरत उभं. जुन्या गाडीचं बिंग इथं फुटतं. स्टिअरिंग थरथरतं, आतला आरसा हलतो, आरपीएमचा काटा आठशेवरून खाली जाऊन दचकल्यासारखा वर येतो. तीच गाडी पुढं डीएसके विश्वच्या चढाला लागली की काही वेळा मुकाट चालते, आणि काही वेळा फाट्यावर शहाण्यासारखी उभी राहिलेली गाडी नेमकी चढावर गचके खाते. बिघाड यातल्या कोणत्या जागी दिसतो, एवढं सांगता आलं तरी निदान अर्ध्यावर येतं. पण गॅरेजच्या दारात उतरलेला माणूस बहुधा इतकंच म्हणतो, "मिसिंग करतेय. बघा जरा."

पुढचा संवाद रचलेला आहे. गाडी मात्र धायरीच्या रस्त्यावर रोज दिसणारी: २०१४ची वॅगनआर, तीन सिलिंडरचं ९९८ सीसी इंजिन, कंपनीनंच बसवलेला सीएनजी. बोलणारे दोघं. काका पिंपरीच्या एका कारखान्यातून, गुणवत्ता विभागातून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारे. मिस्त्री पद्मिनी आणि मारुती ८०० वर हात बसलेले. स्कॅनर बाळगतात, पण तो कपाटात असतो.

काकांनी बॉनेटवर कागद ठेवला. "दुसरीकडे स्कॅन करून आणलंय. कोड पी-०३०२. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्यानं दोन नंबरची कॉइल बदलली, मग तिन्ही प्लग बदलले. फरक शून्य."

"मग चुकलं काय त्याचं? गाडी अकरा-बारा वर्षांची. आधीचे प्लग कधी टाकले होते, आठवतंय?"

"नाही."

"म्हणजे बदलायचेच होते. काका, जुन्या गाडीत वय झालेलं सामान आधी काढायचं. नवीन प्लग, साफ फिल्टर, थ्रॉटल बॉडी धुतलेली. दहातल्या निम्म्या गाड्या तेवढ्यावर जातात. उरलेल्यांसाठी डोकं लावायचं."

"माझं नेमकं उलटं म्हणणं आहे. कॉइल वाईट असल्याचा पुरावा काय होता? कोडमध्ये कॉइल हा शब्दच नाही."

काकांचा मुद्दा तपशिलात बघण्यासारखा आहे, कारण कोडविषयीचा गैरसमज महागात पडतो. मिसफायर ओळखताना गाडीचा संगणक ठिणगीकडे बघतच नाही. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चाकासमोर एक सेन्सर असतो, आणि दर दात किती वेळानं गेला हे तो मोजतो. स्फोट झाला की चाक किंचित पळतं. झाला नाही की किंचित रेंगाळतं. कोणाच्या पाळीला रेंगाळलं एवढंच त्याला कळतं. ठिणगी पडली नाही, इंधन आलं नाही की दाबच झाला नाही, हे त्या रेंगाळण्यातून ओळखता येत नाही. आठशे आरपीएमला या इंजिनात मिनिटाला १,२०० म्हणजे सेकंदाला वीस स्फोट होतात. त्यातला दर तिसरा गळाला की तिघांनी उचललेल्या पलंगाचा एक हात सुटल्यासारखं होतं. चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा इथं हादरा जास्त लागतो, तो यामुळंच.

"आणि रस्ता खराब असला तर?" मिस्त्रींनी मिश्कीलपणे विचारलं. "खड्ड्यात चाक आपटलं की तोच झटका मागं क्रँकपर्यंत येतो. मग मशीन म्हणणार मिसफायर. धायरीत रोज म्हणेल."

हे चेष्टेत म्हटलेलं असलं तरी खरं आहे. खराब रस्त्यावरचे झटके मिसफायरसारखे दिसू शकतात, म्हणून बऱ्याच गाड्यांच्या संगणकात रस्ता खडबडीत आहे असं वाटल्यावर ही मोजणी थांबवण्याची सोय ठेवलेली असते.

ही सगळी यंत्रणा आपल्याकडे तशी नवीच. पुण्यासह निवडक शहरांत बीएस-४ एप्रिल २०१० पासून आलं, त्याबरोबर गाडीनं स्वतःचे दोष नोंदवण्याचा पहिला टप्पा आला, आणि दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या सुझुकीच्या इंजेक्शन इंजिनांत दोन टोकं तारेनं जोडली की इंजिनाचा दिवा लुकलुकून आकडा सांगायचा. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे १२, म्हणजे सगळं ठीक. त्याच्याही आधी कार्ब्युरेटर होता, आणि कान होता.

मिस्त्री त्या कानाचे. "पद्मिनीला काय करायचो? चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर काढायची. वायर काढली आणि इंजिन पडलं, तर तो सिलिंडर कामाचा. वायर काढूनही इंजिनाला पत्ताच नाही, तर चोर तोच. दोन मिनिटांचं काम. कागद नाही, कोड नाही."

"या गाडीवर केलंत तसं?"

"वायरच नाहीत हिला. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर कॉइल."

"असत्या तरी करू नका. या कॉइल तीस हजार व्होल्टांच्या घरात जातात. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर ती कॉइल फोडून बाहेर येते, नाहीतर तुमच्या हातातून. आणि ठिणगी बंद करून इंजिन चालू ठेवलं की न जळलेलं पेट्रोल सरळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. तो तापून बसला की कॉइलच्या कितीतरी पट खर्च. सिलिंडर बंद करूनच बघायचा तर इंजेक्टरचं सॉकेट काढा; पेट्रोलही थांबतं."

मिस्त्रींनी मान डोलावली. हा मुद्दा त्यांना मान्य असावा, कारण कन्व्हर्टर वितळलेल्या गाड्या त्यांच्याकडे येतात. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता पेटलेला असणं आणि तो उघडझाप करणं यांत फरक आहे. उघडझाप म्हणजे मिसफायर इतका जोरात आहे की कन्व्हर्टरचं नुकसान चालू झालं. अशा वेळी रेस करून पाहण्यापेक्षा गाडी बाजूला घेतलेली बरी.

"ठीक," मिस्त्री म्हणाले, "आता माझी पद्धत बघा. पैसे न लागणारी."

त्यांनी दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरला बसवली, तीनची दोनला. प्लगांचीही तशीच अदलाबदल. कोड पुसला, गाडी दहा मिनिटं चालवून आणली. कोड परत आला तो पी-०३०२. चोर कॉइलबरोबर गेला असता तर पी-०३०३ दिसायला हवं होतं. कॉइल सुटली, प्लग सुटला, आणि प्लगच्या डोक्यावरचं रबरही सुटलं. त्या रबराला मिस्त्री विशेष जपतात. पावसाळ्यात प्लगच्या विहिरीत पाणी उतरतं, रबराच्या आत कोळशासारखी बारीक रेघ उमटते, आणि वीज त्या रेघेनं बाजूला पळते. अशा गाडीत नुसता प्लग बदलला तर चार दिवस बरं वाटतं आणि मग जुनं दुखणं परत.

मग त्यांनी सीएनजीचं बटण दाबून गाडी पेट्रोलवर घेतली. थरथर कमी झाली, गेली नाही.

"दोन इंधनांची गाडी असण्याचा हा फायदा," ते म्हणाले. "गॅसचे इंजेक्टर वेगळे, पेट्रोलचे वेगळे. दोन्हीवर तोच सिलिंडर रुसत असेल तर इंजेक्टरला कशाला झोडायचं? फक्त पेट्रोलवर रुसली असती तर पेट्रोलचा इंजेक्टर. फक्त गॅसवर, तर आधी प्लग-कॉइल, कारण गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते. पेट्रोलवर चालून जाणारा थकलेला प्लग गॅसवर उघडा पडतो."

"उत्तम," काका म्हणाले. "पण ही चाचणी झाली, मिस्त्री. सामान बदलणं नव्हे. तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय."

मिस्त्री हसले, पण मागे हटले नाहीत. "चाचणी मी करतो. पैसे कोण देतं तिचे? गिऱ्हाईक विचारतं, बदललं काय? मी म्हणतो, काही नाही, नुसतं शोधलं. मग पैसे कसले, म्हणतं. नाना पेठेतून कॉइल आणून लावली की बिनतक्रार देतं. मला सांगा, मी काय करायचं?"

या वादाची खरी गाठ इथं आहे. एका बाजूला अडाणी मेकॅनिक आणि दुसऱ्या बाजूला शहाणं यंत्र, असं हे चित्र नाही. आपल्याकडे तपासणीला किंमत नाही आणि सुट्या भागाला आहे, म्हणून निदानाचं काम सुट्या भागांच्या पाठीवर बसून येतं. अंदाजानं बदललेली कॉइल ही एका अर्थानं लपवलेली तपासणी फी असते, फरक एवढाच की तिच्यात उत्तर मिळेलच असं नाही. मिस्त्रींच्या म्हणण्यात तथ्य एवढं नक्की आहे की प्लग, एअर फिल्टर यांसारख्या स्वस्त आणि मुदत संपलेल्या गोष्टींसाठी तासभर मोजमापं करत बसणं हाही पैशाचा अपव्ययच. कॉइल, इंजेक्टर, सेन्सर मात्र वयाकडे बघून बदलायच्या गोष्टी नव्हेत, आणि तिथं काकांचं पारडं जड आहे.

काकांनी पिशवीतून व्हॅक्यूम गेज काढलं. मिस्त्रींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. काटा स्थिर राहिला तर सगळे सिलिंडर सारखं ओढताहेत, ठरावीक ठेक्यानं खाली पडला तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. इंग्रजी पुस्तकांत निरोगी इंजिनासाठी १७ ते २१ इंच पारा लिहिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. पुणं ५६० मीटर उंचीवर, दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा, म्हणजे इथं दीड-दोन इंच उतरूनही इंजिन ठणठणीत असू शकतं. हे न कळल्यानं चांगल्या इंजिनाला दुखणं लावलं जाऊ शकतं.

या गाडीचा काटा ठेक्यात पडत होता.

"आता कागद," असं म्हणून मिस्त्रींनी वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. कागद बाहेर येणाऱ्या वाऱ्यानं फडफडत होता, पण मधेच एकदम आत ओढला जाऊन नळीच्या तोंडाला चिकटायचा. "एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. बंद व्हायच्या वेळी बंद होत नाही, म्हणून पिस्टन खाली जाताना सायलेन्सरमधूनही ओढतो. तुमच्या गेजनं सांगितलं तेच, फक्त फुकट."

"तेच नाही," काका म्हणाले. "गेज म्हणतं कुठलातरी व्हॉल्व्ह. कागद म्हणतो एक्झॉस्ट. कागद जास्त सांगतोय, हे मी मान्य करतो."

एवढ्यात रांगेतल्या दुसऱ्या एका गाडीवाल्यानं तोंड घातलं, की सगळा दोष नव्या पेट्रोलचा. हे हल्ली प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे पोचलं. महाराष्ट्राचं त्याच्याशी नातं जवळचं. ऊस आपला, आणि इथेनॉलचे कारखाने उभारणारी प्राज इंडस्ट्रीज पुण्याचीच. तक्रारीत थोडं तथ्य आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच्या आसपास, वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे ओळखून इंधन वाढवते. कार्ब्युरेटरला हे जमत नाही. जेटचं भोक ठरलेलं, म्हणून पद्मिनी किंवा जुनी ८०० अशा पेट्रोलवर पातळ मिश्रणानं अडखळू शकते. त्यात इथेनॉल पाणी शोषतं, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. महिनोन् महिने उभ्या गाडीत हे जास्त जाणवतं.

"पण ही गाडी गॅसवर जास्त बिघडते," काकांनी त्याला विचारलं. "गॅसमध्ये इथेनॉल कुठून आलं?" तो माणूस गप्प बसला. आरोप करण्याआधी आरोपी घटनास्थळी होता का, एवढं बघायला हवं.

उभ्या गाड्यांवरून मिस्त्रींना उंदीर आठवले. बॉनेटखालच्या उबेत बसून वायरींचं आवरण कुरतडणारे उंदीर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अमाप, आणि इंजेक्टरची एक वायर तुटली की मिसफायरचा कोड हुबेहूब तसाच येतो. बॉनेट उघडल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं बघायचं, हा नियम दोघांनाही मान्य.

मतभेद परत उफाळला तो हवेच्या गळतीवरून. काकांनी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये इंधनाची दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, दाखवली. आयडलला वीस टक्के जास्त आणि अडीच हजार आरपीएमला जवळजवळ शून्य असं दिसलं तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे, असं ते म्हणाले. थ्रॉटल मिटलेलं असताना तेवढी चोरटी हवाही भारी पडते, उघडलं की ती किरकोळ ठरते. इथं तसे आकडे नव्हते, म्हणून गळती बाद.

"तो हिशेब हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांचा," मिस्त्रींनी आडकाठी घातली. "मॅनिफोल्डचा दाब बघून इंधन देणाऱ्या गाडीत गळकी हवाही हिशेबात धरली जाते. तिथं आकडे साधे राहतात आणि आयडलच चढतं. मी नळ्यांवर कार्ब क्लीनर मारून बघतो. आवाज बदलला की भोक तिथं." अ‍ॅपच्या आकड्यांवर गॅरेजवाल्यानं केलेली ही दुरुस्ती योग्य होती, आणि काकांनी ती वहीत टिपून घेतली. गळती तशीही नव्हती.

राहिला प्रश्न चढाचा. मिस्त्री गाडी डीएसके विश्वच्या चढावर नेऊन आले होते आणि तिथं ती कुरकुरली नव्हती. भार पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारणं अवघड होतं. दुबळी कॉइल तिथं पकडली जाते. इंधनाचा पंप थकलेला असेल तर तोही तिथंच. उलट गळका व्हॉल्व्ह मंद गतीत नडतो, कारण गळायला वेळ भरपूर मिळतो. वेग वाढला की तेवढा वेळ उरत नाही आणि दुखणं झाकलं जातं. इंजिन तापल्यावर थरथर वाढते, असं काकांनी दोन-तीनदा सांगितलं होतं. तापलेला व्हॉल्व्ह लांबीनं वाढतो. टॅपेटची फट आधीच कमी झालेली असेल तर तो आपल्या जागेवरून किंचित उचललेलाच राहतो. म्हणजे चालवणाऱ्यानं पहिल्या मिनिटात नीट सांगितलं असतं, फाट्यावर थरथरते, चढावर नाही, गरम झाल्यावर जास्त आणि दोन्ही इंधनांवर, तर कॉइलचं नावही निघालं नसतं. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी कॉम्प्रेशन गेज निघालं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टर बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. यातलं एक चुकलं तरी आकडा खोटा येतो. एक नंबर १३, दोन नंबर ९, तीन नंबर १३ किलो. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत बोलकी. मिस्त्रींनी दोन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं. ऑइल रिंगांभोवतीची फट तेवढ्यापुरती बुजवतं, म्हणून रिंगा झिजलेल्या असत्या तर आकडा चढला असता. नऊच राहिला.

मग कॉम्प्रेसरची हवा. दोन नंबरचा पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, प्लगच्या भोकातून हवा आत. थ्रॉटलकडे फुसफुस झाली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणाशी झाली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आवाज सायलेन्सरमधून येत होता.

"हेड उतरवायचं," मिस्त्री म्हणाले. "तिन्ही सिलिंडरचे व्हॉल्व्ह घासून, सीट बघून. एकाचं केलं आणि सहा महिन्यांनी दुसरं निघालं तर शिव्या मलाच."

"थांबा. आधी टॅपेट कव्हर काढून फट मोजा. गॅसच्या गाडीत सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होते. फक्त फटच गेली असेल आणि व्हॉल्व्ह जळला नसेल, तर टॅपेट बदलून भागेल. हेड कशाला उघडायचं?"

"८०० असती तर स्क्रू फिरवून दिला असता. हिला स्क्रू नाही. वेगळ्या जाडीचे टॅपेट आणायचे, त्यासाठी कॅमशाफ्ट उतरवायचा. एवढं उघडल्यावर हेड किती लांब राहिलं? आणि लोक काय करतात माहितीये, टॅपेटचा आवाज आला की धावत येतात. फट आवळली, आवाज बंद झाला, की खूश. व्हॉल्व्ह जळायला सुरुवात तेव्हाच होते."

"मोजायला कॅमशाफ्ट उतरवावा लागत नाही. कव्हर आणि फीलर गेज पुरे. माझं म्हणणं मोजण्यापुरतंच आहे."

मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. "आज नाही. तापलंय, फटीचं माप गार इंजिनवर घ्यायचं. गाडी इथंच ठेवा, सकाळी नऊला या. पण बघण्याचे पैसे वेगळे, काका. हेड उघडो, न उघडो."

"चालेल. पावतीवर तपासणी असं स्पष्ट लिहून द्याल?"

"देतो की. फक्त पैसे देताना, बदललं काय, हे विचारायचं नाही."

"आणि फट बरोबर निघाली तर?"

"तर हेड उतरवतो, आणि तेव्हा तुम्ही मधे बोलायचं नाही."